पद्मिनीच्या काचा

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात कडक नऊ दिवस, लागायला एक-दोन दिवस होते तेव्हाची गोष्ट. मी आणि आई आमच्या जुन्या पद्मिनी गाडीतून अमरावतीला निघालो होतो, मावशीकडे. बाजारगाव गेलं, कोंढाळी गेलं, संत्र्याच्या बागा दोन्ही बाजूंना धुळकट हिरव्या दिसत होत्या आणि पुढे रस्त्यावर ते खोटं पाणी चमकायला लागलं होतं. गाडीत मात्र आईच्या खांद्यावर शाल होती. एसी बसवून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे ती शाल घेण्यातही थोडी मिरवणूक होती. आई बोलत होती. खूप बोलत होती. मध्येच मी तिला एक साधा प्रश्न विचारला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं, आणि दाराचं हँडल धरून काच खाली करायला लागली. पद्मिनीची काच खाली करायला बरेच फेरे लागतात, तिच्या मनगटात आता पूर्वीचा जोर नाही, तरी तिने ती पार तळापर्यंत नेली. भणाण वारा आत घुसला. डॅशबोर्डवरची टोलची पावती उडून मागे गेली. मी काही म्हटलं असेन, पण ते मलाही ऐकू आलं नाही.

पुढे मोझरीला चहाला थांबलो तेव्हा विचारलं, कोंडल्यासारखं होतं का गं एसीत? म्हणाली, नाही बाप्पा, छान आहे की. आणि बशीत चहा ओतला.

तिचं ते काच उघडणं माझ्या डोक्यातून जाईना. पैशाचा सल होताच, खोटं कशाला बोलू. बाबांनी १९८१ साली या गाडीला जेवढे मोजले त्याहून जास्त या एसीला गेले. नातेवाइकांनी वेड्यात काढलं होतं. घरात दुसरी गाडी आहे, तिला कंपनीतूनच एसी आहे, मग या म्हातारीला कशाला? त्याचं कारण आईचे गुडघे. आताच्या छोट्या गाड्यांत बसायचं म्हणजे आधी खाली वाकायचं, मग आत घसरायचं आणि उतरताना कुणीतरी हात द्यायचा. पद्मिनीची सीट म्हणजे सरळ पाठीचा सोफा. आई त्यावर टेकते, पाय आत घेते, झालं. बाबा गेल्यावर ती दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसायला कुरकुर करते. आणि इकडे डॉक्टरांनी बजावलेलं, उन्हात न्यायचं नाही. नागपुरात राहून एप्रिल ते जून उन्हात न्यायचं नाही म्हणजे माणूस घरातच ठेवायचा. शिवाय उभी राहिलेली जुनी गाडी झपाट्याने खराब होते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून डिंक होतो, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, बॅटरी बसते, टायर एकाच जागी चपटे होतात. आई आणि गाडी, दोघींना उन्हाळ्यात बाहेर काढायचं तर हाच एक उपाय दिसत होता.

आमच्या लहानपणीचे उपाय वेगळे होते. मे महिन्यात अमरावतीला जायचं तर पहाटे चारला निघायचं, हा पहिला. तो कधीच जमायचा नाही, कारण आईचे डबे आणि बाबांची पूजा. मग दुसरा: ओले पंचे. मागच्या दोन्ही काचांवर ओला पंचा अडकवायचा, वरची कड काचेत चिमटून. बाजारगावपर्यंत तो खडखडीत वाळायचा. सुरईतलं पाणी त्यावर शिंपडायचं काम धाकट्या भावाचं, आणि तो निम्मं माझ्यावर शिंपडायचा. एका उन्हाळ्यात बाबांनी मागच्या खिडकीच्या मापाची वाळ्याची ताटी बनवून घेतली होती. सुतारालाही हसू आलं होतं. पण ती ताटी खरंच काम करायची. गाडी पळत असली की वाऱ्याला वाळ्याचा वास यायचा आणि त्या बाजूला बसायला आमची भांडणं व्हायची. मुंबईचा मामेभाऊ आला तेव्हा त्याला हे सगळं अडाणीपणाचं वाटलं. त्याच्या दमट मुंबईत ओला पंचा संध्याकाळपर्यंत ओलाच राहतो, त्याला काय कळणार. पाणी उडून जातं तेव्हाच गारवा देतं, आणि आमच्या मे महिन्याच्या हवेत पाणी उडायला क्षण लागत नाही.

आणि ती त्रिकोणी काच! पुढच्या दाराला मोठ्या काचेच्या पुढे एक छोटी काच असते, खिट्टी दाबून बाहेर ढकलायची. तिचा कोन साधणं ही बाबांची विद्या. थोडी उघडली की वारा गळ्यापाशी यायचा, जास्त उघडली की तोंडावर, आणि उलटी फिरवली की थेट मागच्या सीटवर. बाबा गाडी चालवता चालवता डाव्या हाताने आईच्या बाजूची ती काच नीट करायचे, पुढे वाकून, आणि आई स्टिअरिंगकडे बघत श्वास रोखून बसायची. डोक्याला रुमाल, खिशात कांदा, डिकीत पाण्याचा कॅन. रेडिएटर तापणार हे ठरलेलंच. त्याहून वाईट म्हणजे पेट्रोल पंपातच उकळायचं. पेट्रोल टाकीतून कार्ब्युरेटरकडे ओढणारा पंप इंजिनाला चिकटून असतो, मिस्त्री लोक त्याला कायम ‘एसी पंप’ म्हणत आले आहेत, त्याचा थंडीशी काही संबंध नाही. तो पंप फार तापला की आत पेट्रोलची वाफ धरते, पंप नुसती वाफ ढकलत राहतो आणि गाडी आचके देऊन बंद पडते. बाबा बॉनेट उघडायचे, पंपावर ओलं फडकं ठेवायचे, आणि आम्ही बाभळीच्या सावलीत उभे राहायचो. फडक्यातून वाफ निघायची. पाचेक मिनिटांनी गाडी सुरू. म्हणजे त्या घरात पहिला गारवा नेहमी गाडीला मिळायचा, मग माणसांना.

या सगळ्यात एक गोष्ट होती जी तेव्हा जाणवली नाही. गाडीत कुणी बोलायचं नाही. बोलताच यायचं नाही. चारी काचा उघड्या, वारा कानात, खाली इंजिनाचा घरघराट, ताशी साठच्या पुढे तर मागचं पुढे काही पोचायचंच नाही. बाबांना काही सांगायचं असेल तर आई त्यांच्या बाहीला हात लावायची आणि ते काच थोडी वर करायचे. ‘काय?’ ‘म्हटलं, वळण गेलं मागे.’ एवढंच. अमरावतीपर्यंतचे ते साडेतीन-चार तास आम्ही चौघं एकाच सोफ्या-बाकड्यावर असल्यासारखे जवळ, आणि जो तो आपापल्या वाऱ्यात.

एसीचं काम कामठी रोडच्या एका मिस्त्रींनी घेतलं. जुन्या गाड्यांना एसी बसवणारे अजून नागपुरात आहेत, बोर्ड लावत नाहीत एवढंच. त्यांनी पहिल्यांदा बॉनेट उघडून आत बराच वेळ नुसतं पाहिलं. मग मला म्हणाले, ‘ताई, ताकद तो इतनीच है इसकी. इसमेंसे एसी को देना पडेगा.’ खरं होतं. एक हजार एकोणनव्वद सीसीचं इंजिन, त्याचे नवे असतानाचे घोडे चाळीसच्या आसपास, आणि आता त्यातले काही निवृत्त झालेले. कॉम्प्रेसर लागला की तीन-चार घोडे तो एकटा खातो. मोठ्या गाडीला ते कळतही नाही, पद्मिनीला मात्र दर चढावर हिशेब द्यावा लागतो. म्हणून तळेगावजवळचा सत्याग्रही घाट आला की मी एसी बंद करते. गाडी लगेच सुटल्यासारखी पुढे सरकते, पाठीला कळतं.

काम चाललं तेव्हा मी रोज संध्याकाळी जाऊन बसायची. एसी ‘बसवला’ असं आपण म्हणतो, जणू पंखाच टांगला. प्रत्यक्षात अर्धी गाडी उघडते. इंजिनाने फिरणाऱ्या क्रँकच्या पुलीला एकच खाच, तिच्यावर बॅटरी भरणारा डायनॅमो आणि पंखा चालायचा. कॉम्प्रेसरसाठी दुसरी खाच हवी, म्हणून लेथवाल्याकडून दुहेरी पुली करून आणली. कॉम्प्रेसर मारुती आठशेला लागतो तसला, नवा घेतला. भंगारातला घेऊ नका हे मिस्त्रींनी हात जोडून सांगितलं. त्याला धरून ठेवणारं ब्रॅकेट मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही, ते तिथेच जाड पट्टी कापून, वेल्ड करून बनवावं लागतं. दोन्ही पुल्या एका रेषेत नसतील तर पट्टा आधी ओरडतो आणि मग तुटतो. तो रेषेत आणायला त्यांनी दोरा ताणला, एक डोळा मिटला, ब्रॅकेट परत कापलं. मग डायनॅमो. बाबांच्या गाडीला डायनॅमोच होता, आणि डायनॅमोची गोम अशी की गाडी सिग्नलला उभी राहिली की तो जवळजवळ काहीच देत नाही. अशात एसीचा ब्लोअर, समोरचा विजेचा पंखा आणि कॉम्प्रेसरचा क्लच, सगळे बॅटरी चोखत बसणार. म्हणून त्याच्या जागी उभ्या गाडीतही वीज देणारा अल्टरनेटर आला. काढलेला डायनॅमो मी घरी आणला आणि आईने तो गच्चीच्या जिन्याखाली ठेवून दिला, विचारलंही नाही कशाला म्हणून.

कन्डेन्सर रेडिएटरच्या पुढे बसला, जाळीच्या मागे, बोट जेमतेम जाईल एवढ्या जागेत. इथे मला पहिल्यांदा ते सगळं यंत्र कळलं, आणि थोडं वाईटही वाटलं. एसी थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, बस्. डॅशखालच्या कॉइलमध्ये गॅस उकळतो, उकळताना आपल्याभोवतीची उष्णता घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून आणखी तापवतो आणि पुढे पाठवतो. कन्डेन्सरमध्ये तो ती उष्णता सोडून पुन्हा पातळ होतो. आणि सोडतो कुठे? रेडिएटरच्या तोंडावर. जी गाडी आधीच मे महिन्यात तापून बंद पडायची तिच्याच उरावर आमच्या अंगातली उष्णता नेऊन टाकायची. म्हणून तो जादा विजेचा पंखा, रेडिएटरला एक थर वाढवून, आणि पेट्रोलच्या पाइपाला चंदेरी वेष्टण. बाबांच्या ओल्या फडक्याचं काम आता ते वेष्टण करतं.

एक गोष्ट मात्र परत न होणारी होती. बाकी सगळं स्क्रूवर आहे, उद्या काढलं तर गाडी होती तशी. पण गॅसचे होज आत न्यायचे तर इंजिन आणि डॅशच्या मधल्या पत्र्याला भोकं पाडावीच लागतात. मिस्त्रींनी खडूने दोन गोल काढले, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. होल-सॉ लागला तेव्हा जो आवाज झाला तो रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानेही मान वळवून ऐकला. पत्रा जाड, कुर्ल्याच्या कारखान्यातला, सहजी जाईना. शेवटी सुटलेली चकती मी उचलली, हाताला चटका बसला. कड आरशासारखी चकचकीत, आणि त्या कडेवर रंगाचे थर स्पष्ट दिसत होते: सगळ्यात आत तांबडा प्रायमर, त्यावर मूळचा मलईसारखा पांढरा, त्यावर बाबांनी भावाच्या मुंजीच्या वर्षी दिलेला निळा. तो निळा मला आठवत होता, पांढरा मात्र मी पूर्ण विसरले होते. मी सहा-सात वर्षांची असेपर्यंत आमची गाडी पांढरी होती तर!

शेवटी गॅस. भरण्याआधी व्हॅक्युम पंप लावून सगळ्या नळ्या अर्धा तास शोषून काढल्या, कारण आत थेंबभर ओल राहिली तरी ती व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी गोठते आणि एसी थांबतो. मग गॅसचा दाब दाखवणारी निळ्या आणि लाल काट्यांची ती जोडी. कार सुरू, बाहेर चव्वेचाळीस अंश, निळा काटा तिसाच्या आसपास येऊन थरथरत राहिला आणि लाल अडीचशेच्या पुढे गेला. मिस्त्री साबणाचा फेस घेऊन प्रत्येक जोडाला लावत होते, बुडबुडा येतो का बघत. गॅस एकशे चौतीस-ए. पूर्वीचा आर-बारा गॅस ओझोनच्या थराला भोक पाडतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू जगभर बंद झाला. म्हणजे बाबांनी त्या काळी एसी बसवला असता तर आज तो गॅसच मिळाला नसता. त्या काळी काही अँबेसेडर, काही फियाट अशा असायच्याच. डॅशखाली पेटी टांगलेली, गाडी कुठल्यातरी कारखानदाराची, ड्रायव्हर काचा बंद करून सावलीत झोपलेला. आम्ही पोरं त्या बंद काचेला नाक लावून बघायचो.

डॅशखालची पेटी आमच्या गाडीतही तशीच बसली, बरोबर मधोमध. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगला असल्याने पुढे खाली जागाच जागा, आणि सीट अखंड, म्हणून पुढे तिघं बसायचे. मधली जागा माझी. बाबांचा गिअर माझ्या उजव्या गुडघ्यावरून फिरायचा. आता त्या जागी गुडघे गेले की पेटीवर आपटतात आणि थंड वारा थेट वाटीवर लागतो, कुणी तिथे बसूच शकत नाही. भावाला व्हिडिओवर दाखवलं तर तो म्हणाला, ताई, तुझी सीट खाल्ली की एसीने.

जुन्या गाड्यांचे शौकीन याला पाप मानतात, आणि त्यांची बाजू मला पटतेही. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली, तिच्यात गाडी मूळ रूपात राखलेली, सांगाडा-इंजिन फार न बदललेली असावी अशी अट आहे. आमच्या पद्मिनीला पन्नास भरायला अजून अवकाश आहे. भरतील तेव्हा कुणी बॉनेटमध्ये डोकावून त्या दोन भोकांकडे बोट दाखवणार, हे मला माहीत आहे. पण ‘मूळ रूप’ म्हणजे नेमकं कोणतं, हा माझा प्रश्न. वाळ्याची ताटी लावलेली गाडी मूळ रूपात होती का? मूळची तर ती इटलीतली, तिथल्या उन्हाळ्यासाठी बेतलेली. आणि गाडीत पहिल्यांदा कंपनीने एसी दिला तो अमेरिकेत पॅकार्डने, १९४० च्या मॉडेलमध्ये. तोही डिकीत बसवलेला, अर्धी डिकी त्यातच गेलेली, आणि बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टाच काढायचा. म्हणजे पहिला एसीसुद्धा होत्या त्या गाडीत कोंबलेलाच होता. त्यापुढे आमच्या मिस्त्रींचं काम फार सफाईचं म्हणायला हवं.

तरी काहीतरी गेलं हे खरं. मी ही गाडी कानांनी चालवायला शिकले. टॅपेट वाजायला लागले की व्हॉल्व्ह लावायचे, पट्टा चिवचिवला की घट्ट करायचा, पेट्रोलचा वास आला की कार्ब्युरेटर गळतोय. हे सगळं उघड्या काचेतून यायचं. आता काचा बंद, ब्लोअर तिसऱ्यावर, आणि गाडी काय सांगते ते मला आधीसारखं कळत नाही. कॉम्प्रेसर लागला की ‘टक्’ आवाज होतो, इंजिन दबतं, दिवे जरा मंदावतात, मग सावरतं. एवढंच काय ते ऐकू येतं. त्रिकोणी काचेची खिट्टी गंजू नये म्हणून मी तेल सोडते, उघडत मात्र नाही.

पण गाडीतल्या आवाजाची ही वजाबाकी आम्हाला एका वेगळ्याच ठिकाणी घेऊन गेली. पद्मिनीत पहिल्यांदाच माणसाचं बोलणं ऐकू यायला लागलं. आणि आईने जणू इतक्या वर्षांचं साठवून ठेवलेलं काढलं. नागपूर सोडेपर्यंत शेजारणी झाल्या, वाडीपासून तिच्या माहेरची गुरं सुरू झाली. मग कोंढाळीच्या पुढे ती सहज म्हणाली, ‘ह्यांनी तुला गाडी शिकवली ना, तेव्हा मी मागे बसायची. माझं सगळं पाठ झालं होतं. क्लच, गिअर, कधी सोडायचा, सगळं. तू चुकायचीस ते मला आधी कळायचं.’ मी हसले. तीही हसली. म्हणाली, मला पण शिकवणार होते. पुढच्या वर्षी शिकवतो म्हणायचे. गाडी नवी आहे, जरा जुनी होऊ दे, मग. जुनी झाली तेव्हा म्हणाले, आता हिचे गिअर अडतात, तुला जमणार नाही.

तेव्हा मी विचारलं, ‘मग तू कधी म्हटलं का नाहीस, की मला शिकायचंय म्हणून?’

आणि तिने काच खाली केली.

मी त्यावर बराच विचार केला आहे. आधी वाटलं, प्रश्न बोचला. मग वाटलं, तिने कधी म्हटलं नसेल असं मी गृहीतच कसं धरलं. म्हटलंही असेल, याच गाडीत, याच रस्त्यावर, वाऱ्यात. आता वाटतं, तिला फक्त गप्प बसायचं होतं आणि या गाडीत गप्प बसायचा एकच मार्ग तिला ठाऊक आहे. चाळीस वर्षं तो वारा तिची आणि बाबांची बरीच भांडणं न होता उडवून न्यायचा. बंद काचेत एकदा प्रश्न पडला की तो तसाच समोर बसून राहतो, त्याला जायला वाट नाही. मावशीकडून परतताना आम्ही संध्याकाळी निघालो, ऊन उतरलं होतं, एसीची गरज नव्हती. तरी आईनेच तो लावला, काच स्वतः वर केली आणि नागपूर येईपर्यंत रेसिपी सांगितल्या.

उन्हाळा निभावला. जालीम दिवस बरेच आले. २०१३ च्या मेमध्ये नागपुरात ४७.९ झालं होतं, तसा एखादा दिवस आला तर ही पेटी काय करेल सांगता येत नाही. पण चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत हमरस्त्यावर झरोक्यातून आठ-नऊ अंशांची हवा येते. सिग्नलला ती चौदा-पंधरावर जाते आणि आई पदराने वारा घ्यायला लागते. पेटीतून थेंब थेंब पाणी तिच्या पायावर पडायचं, कारण निचऱ्याची नळी पायपुसण्याखाली मुडपली होती. ती सरळ केली. पाऊस आला, एसी बंद झाला, दिवाळी आली. आणि दिवाळीनंतर लावून पाहिला तर गार काही होईना. गॅस गेला होता.

मिस्त्रींनी बुडबुडा काढून दाखवला. कॉम्प्रेसरच्या दांड्याजवळचं सील सुकलं होतं. गॅसबरोबर तेल फिरत राहतं, तेच त्या सीलला ओलं ठेवतं. महिनोन्महिने एसी लावला नाही की सील सुकतं आणि गॅस हळूहळू निसटतो. सील बदललं, गॅस भरला, आणि त्यांनी मला हात वर करून बजावलं की थंडीतसुद्धा महिन्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवायचाच, इंजिन जरा चढवून. मी शनिवारी करेन म्हटलं. पण शनिवारी मी ऑफिसात असते हे आईला माझ्याआधी लक्षात आलं.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर पद्मिनी सुरू होती. कुडकुडत्या थंडीत, गेटकडे तोंड करून, सगळ्या काचा बंद. आई स्वेटर, वर शाल, कानाला मफलर बांधून बसली होती, ड्रायव्हरच्या सीटवर. एक पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, इंजिन एका सुरात चढवून धरलेलं, अजिबात वरखाली नाही, आणि डोळे घड्याळावर. हात स्टिअरिंगवर, दहा वाजून दहा मिनिटांच्या काट्यांसारखे, बाबा शिकवायचे अगदी तसे. शेजारचा पोरगा कॉलेजला निघाला होता. तो फाटकाशी थांबला, वाकून आत बघायला लागला, आणि काचेवर टकटक करून म्हणाला, ‘काकू, गाडी शिकून राहिल्या काय?’

आईने काच बोटभर खाली केली.

‘औषध देऊन राहिली गाडीला. आणि तू ती तुझी मोपेड आधी गेटातून हलव.’